चांगलं गाणं आणि आवडतं गाणं: 'ज्याची त्याची आवड' म्हटलं की विषय संपतो का?

उत्तररात्र

आठवडा झाला, एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतोय.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात एका रात्री तिने इयरफोनची एक बाजू माझ्या कानात घातली, दुसरी स्वतःच्या कानात, आणि म्हणाली, "बाबा, हे ऐक ना." मी मिनिटभर ऐकलं. खाली एक जाड, घुमणारा ठोका, वर यंत्रातून काढल्यासारखा पातळ आवाज आणि चार सुरांची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. मी इयरफोन काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "याला संगीत म्हणत नाहीत." ती काही बोलली नाही, उठून आत गेली. त्यानंतर तिने मला एकही गाणं ऐकवलेलं नाही. आधी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकवायची.

तिला दुखावलं ते माझं मी निस्तरेन. तुमच्याशी बोलायचंय ते वेगळं. मी जे बोललो त्याचा अर्थ 'मला आवडलं नाही' एवढाच होता का? मनापासून सांगतो, मला तसं वाटत नाही. त्या गाण्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटलं. पण काय कमी आहे, हे तिने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

'ज्याची त्याची आवड' हे मला पटत नाही. ते खरं मानलं तर वर्षानुवर्षं खर्जाचा (खालच्या सुरांचा) रियाज केलेला गळा आणि कालच गायला बसलेला गळा यांत फरकच उरत नाही. पण 'चांगलं ते चांगलंच, ज्याला कळत नाही त्याला कळत नाही' हेही पटत नाही. मी आज पंचवीस वर्षं ख्याल ऐकतोय, पण सोळाव्या वर्षी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं सुरू झालं की मला झोप यायची. ते रेकॉर्डिंग तेव्हाही तेच होतं. मग सोळाव्या वर्षीचं माझं मत चूक होतं का?

टिपकागद

तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून सरळ सांगतो. हो, 'मला आवडलं नाही' एवढाच त्याचा अर्थ होता. बाकीचं आपण नंतर चिकटवतो.

२००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अनोळखी बँडांची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. १४,०००हून जास्त लोकांनी ती ऐकली, गुण दिले, हवी ती उतरवून घेतली. काही लोकांना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं आणि आपल्या जगातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवलं, तो आकडाही त्यांना दिसायचा. सुरुवातीला सगळ्या जगांत सगळ्या गाण्यांचा आकडा शून्य.

आठही जगांत क्रमवारी वेगळी लागली. जिथे आकडे दिसत नव्हते तिथे २६वं आलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४०वं. गाणी तीच, लोक सारखेच, फक्त सुरुवातीला कुणी काय निवडलं यावर पुढचं सगळं ठरलं. आपण ज्याला 'अजरामर' म्हणतो त्यातलं किती असंच वर आलेलं असेल?

त्यात १९६८ साली झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेली गोष्ट धरा. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. तुम्ही पंचवीस वर्षं ख्याल ऐकलात, तो आवडू लागला. मुलीने तिचं ऐकलं, तिला ते आवडू लागलं. यात कुणाचाच कान वरचढ नाही. भिन्नरुचिर्हि लोकः, म्हणजे लोकांच्या आवडी वेगवेगळ्या, हे काही उगाच म्हटलेलं नाही.

खर्ज

टिपकागद, त्या प्रयोगातला अर्धा भाग तुम्ही सोडलात. सगळ्यात चांगली ठरलेली गाणी कुठल्याही जगात फारशी तळाला गेली नाहीत आणि सगळ्यात वाईट ठरलेली फारशी वर आली नाहीत. उलथापालथ झाली ती मधल्या मोठ्या घोळक्यात. म्हणजे दोन्ही टोकांना गाण्याचं स्वतःचं काहीतरी वजन होतं.

मी गाणं शिकते. रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटं तानपुरा लावण्यात जातात. जोडाच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात लाट येते, वां...वां...वां. खुंटी किंचित फिरवली की लाट लांबते. एक तार सेकंदाला २२० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २२१ वेळा, तर सेकंदाला बरोबर एक लाट ऐकू येते. मणी केसभर सरकवला की लाट लांबत लांबत नाहीशी होते आणि दोन तारा एक होतात. हे माझ्या आवडीवर ठरत नाही. कान नसलेलं यंत्रही तेच दाखवेल.

त्यापुढची गोष्ट मला आजही नवी वाटते. चारही तारा नीट लागल्या, जवारी (तारेची घुमक) उघडली, की खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. त्या सुराची तार तिथे नसतेच. प, सा, सा, सा एवढ्याच तारा. तरी गंधार येतो, कारण कुठलीही तार तिच्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही कंप पावत असते आणि त्यातला पाचवा अंश म्हणजे गंधार. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर हा गंधार ३८६वर येतो. पेटीचा किंवा कीबोर्डचा गंधार ४००वर असतो, १४ सेंट चढा. तानपुऱ्याशेजारी पेटीचा गंधार धरून ठेवा. एकदा तो टोचला की पुढे दर वेळी टोचतो. पहिली तीन वर्षं मला तो फरक कळत नव्हता. बाईंनी ऐकवला, पुन्हा ऐकवला आणि एके दिवशी ऐकू आला. तो फरक नंतर निर्माण झाला असं नाही ना.

टिपकागद

फरक आहे, हे मान्य. पण 'फरक आहे' यावरून 'हे चांगलं आणि ते वाईट' यावर तुम्ही कशी उडी मारलीत?

बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. त्यांच्या संगीतात एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाण्याची पद्धत नाही. मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली त्यांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरजोड्या ऐकवल्या. आपल्याला ज्या कानाला गोड लागतात आणि ज्या खुपतात, त्या दोन्ही त्यांना सारख्याच बऱ्या वाटल्या. तुमच्या पाचव्या अंशाचं भौतिकशास्त्र तिथेही तेच आहे. गोडी मात्र नाही.

खर्ज

त्याच अभ्यासात असंही निघालं की अगदी जवळच्या दोन सुरांची खरखर त्यांनाही नकोशी वाटली. म्हणजे सगळंच शिकवलेलं नसतं आणि सगळंच जन्मजातही नसतं. रेघ कुठे आखायची एवढाच प्रश्न आहे.

पाऊलवाट

खर्ज, तुमचं तानपुऱ्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. पण त्या लाटेबद्दल एक उलटी गोष्ट सांगायलाच हवी.

मी तालवाद्यं वाजवतो. इंडोनेशियातल्या बालीच्या गॅमेलान या वाद्यवृंदात कांशाच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने बनवतात. जोडीतलं एक वाद्य मुद्दाम थोडं उतरलेलं आणि दुसरं थोडं चढं ठेवतात. तुम्ही जी लाट घालवण्यासाठी पंधरा मिनिटं खुंटी पिळता, ती तिथे घडवून आणतात. तिला 'ओंबाक' म्हणतात, अर्थही लाट असाच. दोन्ही वाद्यं एकदम वाजली की आवाज थरथरतो, चमकतो. लाट नसेल तर तो आवाज त्यांना मेलेला वाटतो. शिवाय प्रत्येक संचाचे सूर स्वतंत्र असतात. एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात वाजवता येत नाही.

यावरून टिपकागद म्हणतील, बघा, सगळं सापेक्ष. मला नेमकं उलट दिसतं. वाद्य बनवणारा ती लाट हव्या त्या वेगाची येईपर्यंत पट्टी घासत बसतो, ऐकतो, पुन्हा घासतो. लाट जास्त जलद झाली तर चूक, मंद झाली तरी चूक. तुम्ही लाट शून्यावर आणता, तो हव्या त्या वेगावर आणतो. काय साधायचं हे जागोजागी वेगळं असेल, पण साधलं की नाही हे दोन्हीकडे कानच ठरवतो. बालीच्या संचाला तानपुऱ्याच्या मोजपट्टीने बेसूर म्हणणारा माणूस त्या संचाबद्दल काहीच सांगत नसतो. उत्तररात्र, तुमच्या मुलीच्या गाण्याला तुम्ही कुठली मोजपट्टी लावलीत?

रानजाई

मला शास्त्रातलं काही कळत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

माझी आई बेसूर होती. अगदी स्पष्ट बेसूर. अंगाई म्हणताना दुसरी ओळ दर वेळी वेगळ्या पट्टीत सुरू करायची. आम्ही भावंडं त्या अंगाईवर वाढलो. माझ्या मुलाला झोपवताना मीही ती दुसरी ओळ तशीच खाली घसरून म्हणते. मुद्दाम नाही, ती तशीच येते. पुढे तीच अंगाई मी एका अतिशय सुरेल गळ्यातून ऐकली. सगळे सूर जागच्या जागी. मला रडू आलं, पण ते माझी अंगाई तिथे नव्हती म्हणून.

आता मला सांगा, आईचं गाणं वाईट होतं का?

अनाहत

रानजाईताई, आईचा सूर लागत नव्हता हे खरं, आणि ती अंगाई तुमच्यासाठी दुसऱ्या कुठल्याही गाण्यापेक्षा मोठी आहे हेही खरं. ही दोन वाक्यं भांडत नाहीत असं मला वाटतं. दुसरी गोष्ट सुरात नाही, तुमच्या आणि आईच्या मधल्या वर्षांत आहे. मात्र ती मला दाखवता येणार नाही. तुम्ही सांगितलीत म्हणून कळली, पण ती अंगाई ऐकून मला कळली नसती. मला वाटतं, या धाग्यातला सगळा गुंता या 'दाखवता येण्या'तच आहे.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने 'डॉन किहोटे' या कादंबरीतली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकार पिंपातली दारू चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण लोखंडाची चव येते. सगळे त्यांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद असलेली एक जुनी किल्ली सापडते.

सापडेपर्यंत दोघांची मतं 'ज्याची त्याची आवड' वाटत होती. दोघांनीही अर्धंच सांगितलं होतं आणि दोघंही बरोबर होते. दोघांनाही दारू आवडली होती, हेही लक्षात घ्या. आवडीवर त्यांचा वाद नव्हता. आत काय आहे यावर होता.

संगीताच्या पिंपाच्या तळाशीही किल्ली असते. 'तिथे ऐक, ती तान समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) अर्धी मात्रा आधी सोडली', 'इथे बघ, ठोका मागे रेंगाळतोय'. हे दाखवल्यावर दुसऱ्याला ऐकू आलं तर ती माझी खासगी लहर नव्हती. वारंवार दाखवूनही कुणालाच ऐकू आलं नाही, तर बहुतेक ते माझ्यातच होतं.

अभिनवगुप्त या जुन्या काव्यशास्त्रकाराने 'सहृदय' म्हणून ज्याचं वर्णन केलंय, त्यात हेच आहे. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय आणि म्हणून जो समोरच्या गोष्टीशी एकरूप होऊ शकतो, तो सहृदय. तो काव्याबद्दल बोलतोय, पण गाण्यालाही ते लागू पडतं. आरसा पुसावा लागतो. उत्तररात्र, सोळाव्या वर्षीचं तुमचं मत चूक नव्हतं. तुम्हाला जे ऐकू येत होतं त्यावर ते मत होतं. फक्त बरंच काही ऐकू येत नव्हतं.

टिपकागद

किल्लीची गोष्ट मला आवडली, पण आरसा पुसलेला कुणाचा हे कोण ठरवणार? जाणकारांनीच ठरवायचं तर इतिहास आठवा. २९ मे १९१३ला पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्की या संगीतकाराचं 'वसंताचा विधी' पहिल्यांदा सादर झालं. चांगले कान असलेले, पैसे मोजून आलेले श्रोते. आरडाओरडा, शिट्ट्या, गोंधळ. एप्रिल १९१४ला त्याच शहरात, त्याच मॉन्तो या संचालकाच्या हाताखाली, तेच संगीत वाजलं आणि लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. दहा महिन्यांत आरसे पुसले गेले? वारं फिरलं, एवढंच.

अनाहत

या उदाहरणात एक गोष्ट राहतेय. १९१३ला ते नृत्यनाट्य होतं. प्रेक्षागृहात इतका गोंधळ झाला की नाचणाऱ्यांनासुद्धा वाद्यवृंद ऐकू येईना. नृत्य बसवणारा निजिन्स्की विंगेत उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता. १९१४ला नाच नव्हता, नुसती मैफल होती. लोक ऐकायला बसले होते.

म्हणजे ज्यांनी पहिल्या रात्री निकाल दिला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते संगीत धड ऐकलंच नव्हतं. मत बदलण्याआधी ऐकणं घडावं लागतं.

काजवा

इथे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

मला संगीताने काहीच होत नाही. बहिरा नाही. कोण बेसूर गातंय ते कळतं, ठेका कळतो, गाणं उदास आहे की आनंदी तेही बरोबर सांगतो. पण सगळे डोळे मिटून बसतात तेव्हा माझ्या आत काहीच हलत नाही. चित्र पाहिलं, चांगलं पुस्तक वाचलं की हलतं. गाण्याने नाही. कित्येक वर्षं मी मान डोलावण्याचं नाटक केलं. २०१४ साली बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशा माणसांवर अभ्यास प्रसिद्ध केलाय. त्यांना पैसे जिंकल्याचा आनंद होतो, संगीतातली भावना ओळखता येते, फक्त संगीताचं सुख मिळत नाही. त्याबद्दल वाचलं त्या दिवशी मला हलकं वाटलं.

अनाहत यांचं वाचून लिहावंसं वाटलं ते इतकंच. कुठला गायक चांगला हे मी ओळखू शकतो आणि मला कुठलाच आवडत नाही. या दोन गोष्टी एकच असत्या तर माझ्यासारखा माणूस असूच शकला नसता.

रानजाई

काजवा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. नाटक करू नका हो. गप्प बसून सोबत असणाऱ्याचीही मैफलीला गरज असते.

मध्यलय

उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यामुळे माझं लक्ष धाग्याच्या सुरुवातीच्या एका वाक्यावर अडकलंय आणि पुढच्या चर्चेत ते कुणी उचललं नाही.

उत्तररात्र, तुम्ही लिहिलंय की इयरफोनची एक बाजू तुमच्या कानात होती. म्हणजे तुम्ही ते गाणं अर्धंच ऐकलंत. हे मी शब्दशः म्हणतोय. आजकालच्या गाण्यात मुख्य आवाज आणि खालचा ठोका मध्ये ठेवतात, म्हणजे दोन्ही कानांत सारखे. बाकीचं सगळं दोन बाजूंना पसरवतात. मागचे आवाज, प्रतिध्वनी, बारीक टिकटिक, एका बाजूने येऊन दुसरीकडे विरणारे सूर. कित्येकदा या गाण्यांमधली खरी कारागिरी त्या पसरण्यातच असते. तुम्हाला मिळालं जाड ठोका आणि पातळ आवाज. तुमचं वर्णन अगदी अचूक आहे, पण ते अर्ध्या गाण्याचं आहे.

आणि 'चार सुरांची एकच ओळ' याबद्दल. ख्याल ऐकणारा कान सुराच्या वाटचालीकडे बघतो. पुढचा सूर कुठला, कसा लागला, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) कशी घेतली. या संगीतात सूर जागेवर उभा ठेवतात आणि त्याचा पोत बदलतात. तीच ओळ आधी कोरडी येते, मग लांबून येते, मग कानाशी येते, मग तिच्याखालचा आधारच काढून घेतात. तुम्ही सूर मोजत राहिलात तर चारच येणार.

याचा अर्थ या प्रकारात सगळं चांगलं असतं असा मात्र मुळीच नाही. माझ्याकडे रोज वाईट गाणी येतात आणि ती का वाईट हे मी दाखवू शकतो. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आवाज चेपण्याचं. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. एवढी जागा हाताशी असताना गाणं इतरांपेक्षा मोठं वाजावं म्हणून सगळं चेपून वरच्या थोड्याशा डेसिबलांत कोंबतात. कुजबुज आणि किंकाळी एकाच उंचीची होते. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला गाणं आवडलं नाही. खरं तर त्याचा कान थकलेला असतो. दुसरं, प्रत्येक ठोका संगणकाच्या चौकटीत तंतोतंत बसवणं. चांगला ढोलकीवाला समेच्या किंचित मागे राहतो, काही मिलिसेकंदच, आणि त्या ओढीनेच आपली मान हलते. ते मिलिसेकंद पुसले की ठेका बरोबर येतो आणि मान हलत नाही. पण आता काही जण हाच रेंगाळलेपणा संगणकावर हाताने परत घालतात, एकेक ठोका सरकवून. मी रात्र रात्र लोकांना हे करताना पाहिलंय. ती मेहनत मला रियाजापेक्षा कमी वाटत नाही.

दोन्ही कानांनी ऐका. शक्यतो तिच्याकडूनच.

पाऊलवाट

मध्यलय, ढोलकीच्या ओढीबद्दल अगदी बरोबर. समेच्या आधी पडला तर धावला म्हणतात, फार मागे राहिला तर बसला. मधली ती जागा हाताला सापडायला मला आठ वर्षं लागली.

टिपकागद

एक कबूल करतो. आत काय आहे याबद्दल आपण वाद घालू शकतो आणि तो सुटूही शकतो, हे मला या चर्चेआधी पटत नव्हतं. काजवा यांच्या प्रतिसादाने पटलं. पण आत जे आहे त्यातलं कशाला किती मोल द्यायचं, सुराच्या वाटचालीला की पोताला, तानेला की ठोक्याला, हे अजूनही माणसावर आणि त्याच्या वाढण्यावर ठरतं असंच मला वाटतं. तिथे किल्ली सापडत नाही. खर्ज आणि पाऊलवाट एकाच लाटेबद्दल बोलत होते आणि दोघांना तिचं काय करायचं ते वेगळं होतं.

खर्ज

हे मला मान्य आहे. बालीचा संच शोधून ऐकला. पहिल्यांदा दात आंबल्यासारखं झालं. चौथ्यांदा ती चमक दिसली.

उत्तररात्र

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. मध्यलय, तुमचं वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. अर्धं ऐकून निकाल दिला होता, आणि तेही जिने कौतुकाने ऐकवलं तिला.

काल रात्री तिच्याकडे गेलो. आधी माफी मागितली. मग म्हटलं, ते गाणं पूर्ण ऐकव, दोन्ही कानांत, आणि तुला त्यात नेमकं कुठे काय होतं ते दाखव. तिला आधी खरं वाटेना. मग ती म्हणाली, "ती ओळ तिसऱ्यांदा येते ना, तेव्हा खालचा ठोका एकदा येतच नाही. ऐक." पहिल्यांदा मला काही कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिने गाणं मागे नेलं आणि माझ्या गुडघ्यावर बोटाने ठोका धरला. तिसऱ्यांदा तिचं बोट गुडघ्यावर पडलं, माझा पाय खाली आला आणि गाण्यात तिथे काहीच नव्हतं. पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. माझा चेहरा बघून ती हसली. "तेच!"

मग म्हणाली, "आता तुझं ऐकव." मी यमन रागाचा एक विलंबित ख्याल लावला. काही समजावून सांगितलं नाही. ती पलंगावर उताणी पडून ऐकत होती, मधेच मोबाइल बघत होती. मला वाटलं, झोपेल. अचानक उठून बसली आणि म्हणाली, "आत्ता काहीतरी झालं. काय झालं?"

मी वेळ पाहिली. अकरा मिनिटं होऊन गेली होती. गायक पहिल्यांदा तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, पोचला होता. तिला यमन माहीत नाही, षड्ज माहीत नाही, बढत (राग हळूहळू वर नेणं) कशाशी खातात माहीत नाही. पण जिथे व्हायचं होतं तिथेच झालं. टिपकागद, ती हे रेकॉर्डिंग आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. वारंवार कानावर पडल्याचा प्रश्नच नव्हता.

तिचं गाणं मला अजून आवडत नाही, हेही लिहायला हवं. तो ठोका नसण्याची जागा मात्र आवडते. आज सकाळपासून त्या जागेची वाट बघत गाणं तीन वेळा ऐकलं. माझ्या ख्यालाबद्दल ती म्हणाली, "छान आहे, पण अकरा मिनिटं फार होतात बाबा."

खर्ज

उत्तररात्र, त्या षड्जाच्या आधी गायक निषादावर (सा च्या अलीकडच्या नी वर) किती वेळ थांबलाय ते बघा. पुढच्या वेळी तिला तेवढंच ऐकवा, नवव्या मिनिटापासून. निषाद लागला की तिला विचारा, आता गाणं कुठे जायला हवं असं वाटतंय.

उत्तररात्र

बघितलं. तीन वेळा निषादापर्यंत जातो आणि तिन्ही वेळा खाली परत येतो. पंचवीस वर्षं हे रेकॉर्डिंग ऐकतोय, कधी मोजलं नव्हतं. ती आठला क्लासहून येते. आली की लावतो.